सर वर पोचले

आमच्या बिल्डिंगमधल्या फुंकरबाईंचा हुद्दा आहे श्वसनोपचारतज्ज्ञ. हा शब्द ज्याला न अडखळता एका दमात म्हणता येतो त्याची फुप्फुसं धडधाकट आहेत असं खुशाल समजावं. त्याला बाईंकडे जायचं कारण नाही. आणि ज्याला बाईंची खरी गरज असते, त्याच्या तोंडून तो शब्द अर्धासुद्धा निघत नाही. हे नाव कुणी ठरवलं माहीत नाही, पण माणूस विनोदी असणार.

म्हणून लोकांनी आपापली सोय लावून घेतली. खालचा शिंपी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतो, डॉक्टर त्यांना सिस्टर म्हणतात आणि सिस्टर त्यांना 'त्या ऑक्सिजनवाल्या' म्हणतात. त्यांच्या सासूबाई सगळ्यांना अभिमानाने सांगतात, "आमची सून मोठ्या हॉस्पिटलात असते." त्यावर समोरचा हळहळून विचारतो, "अरेरे, काय झालं त्यांना?"

फुंकरबाई हे नाव मात्र माझं. पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा कप तोंडाशी धरून ओठांचा चंबू करून त्या इतका वेळ, इतक्या सावकाश फुंकत राहिल्या, की चहा गार झाला आणि आमची ही गरम झाली. "चहात काही पडलंय का?" तिने शेवटी विचारलंच.

"नाही हो वहिनी, सवय. दिवसभर हेच शिकवते ना."

"फुंकायला?"

"हो. नाकाने हळू घ्यायचा आणि ओठांतून त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. लोकांना वाटतं दम लागला म्हणजे हवा आत जात नाही. जुनाट दुखणं असलं की उलटं होतं भाऊजी, आतली बाहेर निघत नाही." मग माझ्याकडे बघून, मला समजेल अशा भाषेत म्हणाल्या, "पाहुणे उठतच नाहीत असं समजा. नवे दारात ताटकळतात. फुंकर म्हणजे जुन्या पाहुण्यांना गोडीगुलाबीने निरोप."

हे ऐकून आमच्या हिने माझ्याच बहिणीचं नाव का घेतलं, तो वेगळा विषय. मुद्दा एवढाच, की त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये कामाची वाटणी झाली. फुंकर घालायचं काम बाईंकडे, कान फुंकायचं माझ्याकडे.

या बाईशी संसार करणं सोपं नाही. त्यांचा नवरा पोस्टात आहे, गरीब माणूस. त्याला भांडताही येत नाही. त्याचा आवाज चढला की बाई शांतपणे म्हणतात, "वरवर श्वास घेतोयस. पोटातून घे आणि मग भांड." पोटातून श्वास घेईपर्यंत बिचारा भांडणाचं कारण विसरतो. दाराबाहेर कोण आलंय हे त्या बेल वाजायच्या आधी श्वासावरून ओळखतात. आणि समोरचा बोलत असताना त्या मन लावून ऐकतात असं आपल्याला वाटतं, पण त्या मोजत असतात. एका श्वासात माणूस किती शब्द बोलतो, यावर त्यांचा सगळा हिशोब. पूर्ण वाक्य आलं तर ठीक. तीन-चार शब्दांवर आला तर खुर्ची द्यायची. एकेक शब्दावर आला तर धावपळ. माझ्याबद्दल एकदा मत विचारलं तर म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या फुप्फुसांना काही झालेलं नाही, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे."

आता सरांकडे वळतो, कारण सरांशिवाय बाईंची गोष्ट सांगता येत नाही.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर बाई, दुसऱ्यावर जिन्याच्या तोंडाशी मी, आणि तिसऱ्यावर सर. सर म्हणजे बिल्डिंगमागच्या शाळेतले खेळाचे मास्तर, आता निवृत्त. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी मैदानाभोवती पळवलंय. गळ्यात पितळी शिट्टी, पायांत पांढरे बूट, आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेलं वाक्य: थांबला तो संपला. त्या भिंतीच्या पुढच्या बाजूला उभे राहून सर पोरांना तंबाखूचे दुष्परिणाम सांगत आणि तास संपला की भिंतीच्या मागच्या बाजूला उभे राहून सिगरेट ओढत. धूर वरून दिसायचा. शाळेतल्या कुणालाही हे गुपित माहीत नव्हतं असं नाही, फक्त सरांना ते गुपित वाटायचं.

आमच्या फुंकरबाई याच सरांच्या विद्यार्थिनी. गोल गरगरीत मुलगी, धावण्याच्या शर्यतीत कायम शेवटची. सर तिला 'शेवटून पहिली' म्हणत. दम लागून ती कुठे उभी राहिली, की शिट्टी फुंकून ओरडत, "थांबायचं नाही! थांबला तो?" आणि सगळ्या वर्गाने म्हणायचं, "संपला!" पुढे बाईंना नर्सिंगला जायचं होतं, पण तिथल्या जागा भरल्या होत्या; शेजारच्या खिडकीवर या लांबलचक नावाच्या अभ्यासक्रमाला कुणीच उभं नव्हतं. तिथेही त्या शेवटच्याच होत्या, फक्त रांगेत दुसरं कुणी नसल्यामुळे पहिल्याही.

निवृत्तीनंतर सरांच्या छातीने सूड उगवला. पूर्वी शिट्टी गळ्यात असायची, आता गळ्याच्या खाली वाजू लागली. जिना चढताना ते मध्येच थांबत, पण थांबलोय असं दाखवत नसत. माझ्या मजल्यावर आले की विजेचे मीटर वाचत. रोज. एवढ्या बारकाईने आमचे मीटर वीज कंपनीनेही कधी वाचले नाहीत. मी दार उघडून "काय सर, दम लागला?" म्हटलं की हात हलवत. बोलता येत नसे ना. मग दम परत आला की म्हणत, "तुझं मीटर जास्त पळतंय."

असंच एकदा मीटर वाचता वाचता ते खाली बसले आणि उठेनात. हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथून सुटल्यावर त्यांच्या चिरंजीवांनी त्यांना आपल्या घरी नेलं. चिरंजीव मोठे अधिकारी, गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्याचं घर, गाडीच्या शेडला लागून रिकामी खोली. माणूस वाईट नाही. बापाची काळजी करतो; फक्त काळजी करण्याआधी निर्णय घेतो. त्याने जाहीर करून टाकलं, की बाबा आता इथेच राहतील, तिसऱ्या मजल्यावरचं घर मोकळं करायचं.

सरांना त्या घरात काय गुंतलं होतं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, भिंतींचा रंग उडालेला. पण तिथल्या गॅलरीतून शाळेचं मैदान दिसतं. मैदान दिसणारी गॅलरी बिल्डिंगमध्ये तेवढी एकच. रोज दुपारी सर तिथे खुर्ची टाकून पोरांचा सराव बघत, चुकीचा निकाल दिला की नव्या मास्तरावर वरून ओरडत. नवा मास्तर टोपी पुढे ओढून ऐकलं न ऐकलंसं करी. शेडशेजारच्या खोलीतून काय दिसायचं, गाडीचं मागचं चाक. सर मला फोनवर म्हणाले, "इथे... काही... खेळतच नाही रे."

हॉस्पिटलाने त्यांना बाईंच्या विभागात पाठवलं. जुनाट छातीवाल्यांना तिथे चालायला, चढायला, औषध ओढायला पुन्हा शिकवतात. सरांनी दारातून आत बघितलं आणि परत फिरले.

"ही? ही मला... श्वास शिकवणार? ही शेवटून पहिली... यायची!"

"म्हणूनच सर," बाई म्हणाल्या. "दम लागणं म्हणजे काय ते तुमच्या वर्गात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. या, बसा. औषध कसं घेता ते दाखवा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांना पावडरचा पंप दिलेला होता. त्यात कॅप्सूल टोचायची, पंप ओठांत धरायचा आणि जोरात ओढायचा. कसा घ्यायचा हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधवाल्याने सांगितलं होतं, आणि मागे एकदा जिन्यात खुद्द बाईंनीही सांगितलं होतं. तिघांनाही सरांनी एकच उत्तर दिलं होतं: "कळलं." जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाचं "कळलं" फार खणखणीत असतं; त्यावर कुणी पुन्हा विचारत नाही. आणि औषध नियमाने घेऊनही गुण येत नाही म्हटल्यावर डॉक्टर मात्रा वाढवत गेले, आणि चिरंजीवांनी खोली झाडून घेतली.

सरांनी पंप घेतला. पाठ ताठ केली. तो ओठांत घट्ट धरला, गाल फुगवले आणि फुंकला. सगळी ताकद लावून, मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाईल असा. पांढरी पावडर बाईंच्या चष्म्यावर बसली.

चालायच्या पट्ट्यावरचे एक आजोबा चालायचे थांबले.

उभ्या आयुष्यात या माणसाने ओठांत धरलेल्या दोनच वस्तूंनी त्याला घडवलं होतं. त्यातली जी ओढायची होती ती भिंतीमागे लपून ओढली, आणि जी चारचौघांत वापरली ती फुंकली. चारचौघांत ओठांत काही धरलं की फुंकायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. कित्येक महिने ते नेमाने, वेळच्या वेळी, घरातल्या हवेला औषध देत होते. त्यांच्या गॅलरीतल्या कबुतरांना कधी साधी धाप लागली नाही, ते का, हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "सर, फाउल."

हा सगळा प्रसंग बाईंनी मला सांगितला तेव्हा मी पोट धरून हसलो. त्या नाही हसल्या. "भाऊजी, जिन्यात मी त्यांना 'कळलं ना?' असं विचारलं होतं. 'दाखवा' म्हणायला हवं होतं. रोज सगळ्यांना म्हणते. पण सरांना 'करून दाखवा' म्हणायला माझी जीभ रेटेना. घाबरते मी अजून त्यांना."

औषध आत जायला लागलं तसा फरक पडला. पण बाई कुणाला खोटी आशा लावत नाहीत. तिथे त्या माझ्या अगदी उलट. त्यांनी चिरंजीवांना स्पष्ट सांगितलं, "जे गेलंय ते परत येणार नाही. थंडीत पुन्हा त्रास होईल, कदाचित पुन्हा भरती करावं लागेल. उरलंय ते नीट वापरायला शिकवता येतं, तेवढंच माझं काम."

"जिना?" चिरंजीवांनी विचारलं.

"शिकवता येईल."

"बाबांनी आपल्या पायांनी तिसरा मजला चढून दाखवावा," चिरंजीव म्हणाले, "आणि वर पोचल्यावर माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलावं. मग मी सामानाची गाडी रद्द करतो. नाहीतर महिन्याच्या शेवटच्या रविवारी घर रिकामं."

झालं. रोज दुपारी सर रिक्षाने येऊ लागले आणि आमच्या जिन्यात तालीम सुरू झाली. अडचण श्वासाची नव्हती, तत्त्वाची होती. बाईंचं म्हणणं, दम लागल्यावर थांबायचं नाही, लागायच्या आधी थांबायचं. उभं राहून नाकाने घ्या, पाऊल उचलताना फुंकत सोडा, चार पायऱ्या झाल्या की थांबा. सरांचं म्हणणं भिंतीवर लिहिलेलं होतं. ते चार पायऱ्यांवर थांबत नसत. शर्यत लागल्यासारखे सुटत आणि पहिल्याच वळणावर कठडा धरून काळेनिळे पडत.

"सर, थांबा म्हटलं ना मी!"

"अगं... पोरी... लोक... बघतायत."

लोक म्हणजे मी. मी दार लावून घेतलं आणि भोकातून बघितलं.

बाईंनी सगळं करून बघितलं. रागावल्या, गोंजारलं, बोटाला तो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा दाखवला. सर म्हणाले, "चिमटा... बिघडलाय." शेवटी एके दिवशी बाईंनी हात पुढे केला.

"शिट्टी द्या."

"काय?"

"गळ्यातली शिट्टी. इकडे द्या, सर."

सरांनी शिट्टी काढून दिली; का दिली त्यांनाच ठाऊक. बाईंनी ती आपल्या गळ्यात घातली. सर निघाले, एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्या पायरीला बाईंनी शिट्टी फुंकली. अशी फुंकली की खालच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

आणि सर जागच्या जागी थांबले. एक पाय वर, हात बाजूला, पुतळ्यासारखे.

"शिट्टी झाली की खेळाडू थांबतो," बाई म्हणाल्या. "नियम कुणाचा?"

सरांनी वर उचललेला पाय खाली ठेवला. मग ओठांचा चंबू करून त्यांनी एक लांब श्वास सोडला, पहिल्यांदाच सांगितला तसा. "माझा," ते म्हणाले.

त्यानंतर दुपारची झोप आमच्या बिल्डिंगमधून हद्दपार झाली. चार पायऱ्या, शिट्टी. चार पायऱ्या, शिट्टी. बिल्डिंगच्या चेअरमननी तक्रार केली, तर बाईंनी त्यांनाच दोन मजले चढायला लावलं. वर आल्यावर ते काय तक्रार होती ते सांगण्याच्या स्थितीत नव्हते. मी माझ्या दाराशी एक खुर्ची टाकली. लोकांना वाटलं माझं मन मोठं आहे. खरं म्हणजे, बातमी आपल्या पायांनी येऊन माझ्या दारात बसणार आणि वर पुन्हा दम परत येईपर्यंत उठणार नाही, अशी सोय मी कशाला सोडू? सर त्या खुर्चीत बसून फुंकत, आणि फुंकर संपली की म्हणत, "तुझं मीटर अजून जास्तच पळतंय."

रविवार आला. सामानाची गाडी खाली येऊन उभी राहिली. चिरंजीव मात्र आले नाहीत. कसलीशी तातडीची मीटिंग. त्यांनी मला फोन केला, "तुम्ही जिन्याच्या तोंडाशीच राहता. काय होईल ते मला लगेच कळवा, खरं खरं." खरं खरं कळवायला त्यांना बिल्डिंगमध्ये मीच सापडलो, यात माझा काय दोष?

सर निघाले. बाई एक पायरी मागे, शिट्टी ओठांत. सगळी दारं उघडी. चार पायऱ्या, शिट्टी, फुंकर. पहिला मजला. बाईंच्या सासूबाई दारात हात जोडून. माझी खुर्ची. तिथे बसून सरांनी मीटर वाचलं नाही. डोळे मिटून नुसते फुंकत राहिले. शेवटच्या वळणावर चार पायऱ्या झाल्या, आणि बाई शिट्टी वाजवायला विसरल्या. त्यांचाच श्वास अडकला असावा. पण सर आपले आपण थांबले. मागे वळून म्हणाले, "पंच झोपलाय का?"

आणि पोचले. कुलूप उघडलं, गॅलरीत खुर्ची टाकली, बसले.

मी आनंदाने धावत खाली येऊन फोन लावला. माझे शब्द मला चांगले आठवतात, कारण आमच्या हिने ते नंतर मला अनेकदा ऐकवले आहेत.

"सर वर पोचले!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "केव्हा?"

"आत्ताच. अगदी शांतपणे. काही त्रास झाला नाही हो."

"बाई... होत्या जवळ?"

"शेवटपर्यंत. सगळी बिल्डिंग जमली आहे. तुम्ही लगेच निघा. आणि गाडी खाली उभीच आहे, तिचं काय करायचं ते सांगा."

फोन बंद झाला. देवाशपथ सांगतो, यात माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. हिला अजून पटलेलं नाही.

थोड्या वेळाने खालून पावलं ऐकू आली. चिरंजीव. बूट, टाय, पोट, सगळं घेऊन ते पळत आले. पहिला मजला, दुसरा मजला, माझ्या खुर्चीला धडकून तिसरा मजला. कुठे थांबले नाहीत; बापाचेच संस्कार. "बाबा!" असा हंबरडा फोडत ते दारातून आत शिरले आणि समोर बघतात तो बाबा गॅलरीत बसून चहावर फुंकर घालताहेत.

चिरंजीव उंबऱ्यातच बसले. चेहरा बीटासारखा. काहीतरी बोलायचं होतं, तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"तुम्ही... हे... म्हणाले... वर..."

"वरच आहे मी," सर म्हणाले. "हा काय."

बाई पुढे आल्या आणि त्यांनी सवयीने चिमटा चिरंजीवांच्या बोटाला लावला. "शब्द एकेक येतायत," त्या म्हणाल्या. "साहेब, बोलू नका. नाकाने घ्या, ओठांतून सोडा. हां, चहा फुंकतो तसा."

मोठे अधिकारी उंबऱ्यात बसून फुंकर मारू लागले. मला डोळ्यांचं पारणं फिटल्यासारखं झालं. पण खरी गंमत पुढेच होती. अट होती पूर्ण वाक्याची, आणि ती ठरवणाऱ्याच्या तोंडून अर्धंही फुटत नव्हतं. सरांनी कप खाली ठेवला. पाठ ताठ केली. नाकाने सावकाश श्वास भरून घेतला. मी मनातल्या मनात म्हटलं, आता हे याला थांबण्यावर भाषण देणार.

ते बाईंकडे हात करून म्हणाले,

"यांची तुझी नीट ओळख करून दिली नव्हती, या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, आमच्या श्वसनोपचारतज्ज्ञ."

एका दमात. अडखळले नाहीत, 'ज्ज्ञ'सुद्धा पुरा.

बाईंनी पटकन मैदानाकडे तोंड फिरवलं आणि चष्मा काढला. आज त्यावर पावडर नव्हती, तरी बराच वेळ पुसत होत्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी सरांपुढे धरली, तर सर म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. उद्या खाली उतरायचंय."

चिरंजीवांनी हात जोडले. "थँक्यू... श्व... श्वस..." आणि पुन्हा धाप लागली.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

मी खाली जाऊन सामानाची गाडी परत पाठवली. ड्रायव्हरने विचारलं, "का हो, काय झालं?" माझ्या तोंडात वाक्य अगदी तयार होतं, पण आमची ही वरून बघत होती. मी नुसता श्वास सोडला.